वारली कला: भिंतीवरून पदरावर, पदरावरून कानातल्यावर

ठाणे, प्रतिनिधी

गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या स्वागतयात्रेत किंवा दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमणाऱ्या तरुणाईच्या गर्दीत एक नक्षी हमखास दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेले, वर डोक्याचा लहानसा गोल आणि काडीसारखे हातपाय. कुणाच्या खादीच्या कुर्त्यावर ही माणसे फेर धरून नाचत असतात, कुणाच्या साडीच्या पदरावर भातलावणी करत असतात, तर कुणाच्या लाकडी कानातल्यावर ती जोडीने उभी असतात. ठाणे आणि कल्याणच्या बाजारपेठांतही वारली नक्षीचे दुपट्टे, ओढण्या, पिशव्या, पदके आणि बांगड्या मिळू लागून आता बराच काळ लोटला आहे. ही नक्षी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. मात्र ती काढणारी माणसे, तिचा मूळ अर्थ आणि तिच्या विक्रीतून कुणाच्या पदरात काय पडते, याची माहिती ती अंगावर मिरवणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. या कलेचा भिंतीपासून वस्त्र व अलंकारांपर्यंतचा प्रवास, तिला मिळालेले कायद्याचे संरक्षण आणि खरेदी करताना घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

जुन्या ठाणे जिल्ह्याचे लेणे

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, पालघर या तालुक्यांत वारली समाजाची मोठी वस्ती आहे. गुजरातचा दक्षिण भाग आणि दादरा-नगर हवेली येथेही हा समाज आढळतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि वरील तालुके त्यात गेले. त्यापूर्वी वारली कलेची ओळख देशभर 'ठाणे जिल्ह्यातील आदिवासी कला' अशीच करून दिली जात असे.

या समाजाचा अलीकडचा इतिहास कष्टाचा आणि संघर्षाचा आहे. जमीनदार व सावकारांच्या शेतांवर वेठबिगारीत राबणाऱ्या वारल्यांनी १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे सभा घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने उभारलेल्या या लढ्यात दिवसाला बारा आणे रोख मजुरीची मागणी पुढे आली. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. कलेच्या लेखात हा संदर्भ देण्याचे कारण असे की, कामाचा मोबदला आणि माणूस म्हणून मान हे तेव्हाचे दोन्ही प्रश्न आज वेगळ्या रूपात वारली चित्रकारांपुढे उभे आहेत.

लग्नाचा चौक

वारली चित्र ही मुळात सजावट नव्हती. तो लग्नविधीचा भाग होता. कारवीच्या कुडाच्या भिंतीला माती आणि शेणाचा गिलावा दिला जातो, त्यावर गेरूचा हात फिरवला जातो आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्र काढले जाते. कुंचला म्हणजे टोकाशी ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. मूळ विधिचित्रात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग क्वचितच असतो.

लग्नघरात हे चित्र काढण्याचा मान सवाशिणींचा. वारली बोलीत चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. चौकोनी नक्षीदार चौकटीच्या आत पालघाट देवी असते. ती झाडांची, धान्याची आणि सुफलतेची देवता. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव असतो. चौकाभोवती झाडे, पशुपक्षी, सूर्य-चंद्र आणि लग्नाची लगबग असते. चौक लिहिला जात असताना आणि नंतरच्या विधींत धवलेरी गाणी म्हणते. ती पुरोहिताचे काम करणारी स्त्री. चौकाशिवाय लग्न लागत नाही, अशी समाजाची धारणा आहे.

आकृत्यांची भाषा मोजक्या आकारांची आहे. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आले आणि त्रिकोण डोंगर व झाडांच्या शेंड्यांवरून, असे मानले जाते. चौकोन हा माणसाने आखलेला, पवित्र जागेचा आकार. दोन त्रिकोणांचे शरीर केवळ टोकाच्या बिंदूवर तोललेले असल्याने ते सतत हालचालीत असल्याचा भास होतो. दुधी भोपळ्याचे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारे नर्तक हे या कलेतील सर्वांत परिचित दृश्य होय. वाजवणारा वळेल तसा फेर वळतो आणि त्याची गुंडाळी होत जाते. आज कुर्त्याच्या पाठीवर किंवा पदकाच्या गोलात दिसतो तो हाच फेर.

भिंतीवरून कागदावर

शहरी जगाला या कलेचा परिचय झाला तो सत्तरच्या दशकाच्या आरंभी. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यापूर्वी बिहारमधील दुष्काळाच्या काळात मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास प्रवृत्त केले होते. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने झालेले ते काम पुढे मधुबनी चित्रकला म्हणून जगभर पोहोचले. कुलकर्णी त्यानंतर वारली पाड्यांकडे वळले आणि त्यांनी तेथील चित्रकारांच्या हाती कागद व रंग दिले.

त्यांना भेटलेल्यांपैकी एक होते डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. १९३४ मध्ये जन्मलेल्या म्हसे यांनी लहानपणी आईच्या मृत्यूनंतर बोलणे जवळजवळ सोडले होते आणि ते जमिनीवर चित्रे काढूनच इतरांशी संवाद साधत, असे सांगितले जाते. स्त्रियांचे मानले गेलेले काम एका पुरुषाने हाती घेतले आणि विधीसाठी नव्हे, तर रोज काढले, हा त्या काळी मोठाच बदल होता. मासेमारीचे पसरलेले जाळे, मुंग्यांची वारुळे, शेतावरची राबती माणसे असे विषय त्यांनी कागदावर व कापडावर आणले. सत्तरच्या दशकात मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिसिएँ द ला तेर' प्रदर्शनात सहभाग, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री असे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार आहेत. गंजाड व आसपासच्या पाड्यांतील अनेक तरुणांनी म्हसे यांच्या मागोमाग कुंचला हाती घेतला आणि भातशेतीच्या जोडीला त्यांना रोजगाराचे नवे साधन मिळाले.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. चित्र बाजारात आले तेव्हा ते प्रामुख्याने पुरुषांच्या नावाने आले. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि धवलेरी मागे राहिल्या. अलीकडे वारली स्त्रियाही कागदावर व कापडावर काम करू लागल्या असल्या तरी या कलेचे मूळ घर त्यांचेच होते, याचा विसर पडू नये.

कापडावर आल्यावर काय बदलते?

भिंत आणि साडी या दोन पृष्ठभागांचे स्वभाव वेगळे आहेत. भिंतीवरचे चित्र एका जागी उभे राहून पाहायचे असते आणि त्यात एक संपूर्ण प्रसंग असतो. साडी साडेपाच मीटरची, निऱ्यांत दुमडणारी. त्यामुळे जाणकार चित्रकार चौकाचा किंवा प्रसंगाचा विस्तार पदरावर करतात, काठावर झाडे, पक्षी, बैलगाड्या यांची ओळ चालवतात आणि अंगावर सुटी माणसे विखुरतात. पदर पसरला की गोष्ट वाचता येते आणि निऱ्यांत ती लपून राहते.

साहित्यही बदलते. तांदळाच्या पिठाचा रंग कापडावर टिकत नाही, पहिल्याच धुण्यात निघून जातो. त्याऐवजी कापडासाठीचे पांढरे रंग वापरले जातात आणि ते पक्के व्हावेत म्हणून उलट बाजूने गरम इस्त्री फिरवली जाते. गेरूच्या भिंतीची आठवण राहावी म्हणून तपकिरी, विटकरी किंवा मरून रंगाचे सुती वा टसर कापड निवडले जाते. काळ्या, निळ्या, मोहरी रंगाच्या कापडावरही हल्ली काम होते. त्यात गैर काही नाही. रंगसंगती बदलत राहणे हे जिवंत कलेचे लक्षणच आहे.

बाजारात हे कापड मुख्यत्वे तीन प्रकारांत मिळते. पहिला प्रकार हाताने रंगवलेला. दुसरा ठशांचा किंवा जाळीच्या छपाईचा, म्हणजेच स्क्रीन प्रिंटचा. तिसरा संगणकावर नक्षी तयार करून यंत्राने छापलेला. पहिल्या प्रकारात एका साडीला अनेक दिवस लागू शकतात. तिसऱ्यात एकच नक्षी यंत्रातून शेकडो मीटर कापडावर उतरते. दोन्हींच्या किमतींत फरक पडणे स्वाभाविक आहे. अडचण येते ती तिसरा प्रकार पहिल्याच्या नावाने विकला जातो तेव्हा.

दागिन्यांतील वारली

दागिन्यांत ही नक्षी आली ती सोन्या-चांदीपेक्षा लाकूड, भाजलेली माती आणि कापड यांच्या वाटेने. गोल पदकात तारप्याचा फेर नेमका बसतो. लांबट कानातल्यात एखादे झाड किंवा नाचणारी जोडी बसते. रुंद लाकडी बांगडीवर माणसांची अखंड ओळ फिरते आणि तिला सुरुवात वा शेवट राहत नाही. भिंतीवरच्या फेराचा गुण येथे आपसूक साधतो. चांदीत हीच रेघ कोरून किंवा तारेने साकारण्याचे प्रयोगही होत असतात.

याच पट्ट्यात दागिन्यांशी नाते असलेली आणखी एक हस्तकला नांदते, हे शहरी ग्राहकाला फारसे ठाऊक नसते. डहाणू तालुक्यातील चिंचणी, वाणगाव परिसरात सोन्याच्या दागिन्यांसाठी लागणारे धातूचे साचे, म्हणजे 'डाय', हाताने कोरणारे कारागीर आहेत. सराफाच्या दुकानातील नक्षीदार दागिन्याचा जन्म अनेकदा अशा साच्यात होतो. पत्रा साच्यावर ठेवून ठोकला की नक्षी उमटते. दागिन्यावर पेढीचे नाव असते, साचा कोरणाऱ्याचे मात्र कोठेच नसते. वारली नक्षीच्या बाबतीतही दुखणे हेच आहे.

दागिन्याच्या लहान आकारामुळे आणखी एक प्रश्न उद्भवतो. फेर, झाड, पक्षी सुटे काढून वापरता येतात, परंतु पालघाट देवीचा चौक हा पूजेचा विषय आहे. तो पायपुसण्यावर, चपलेवर किंवा पायातल्या दागिन्यावर छापणे हे देव्हाऱ्यातील मूर्ती तेथे छापण्यासारखेच आहे. नक्षीचा अर्थ ठाऊक असलेला वारली चित्रकार असे करताना थबकतो. अर्थ ठाऊक नसलेला आरेखनकार थबकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो केवळ एक सुंदर चौकोन असतो.

कायदा काय देतो, काय देत नाही?

भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकाराने वारली चित्रकलेला २०१४ मध्ये हे मानांकन मिळाले. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. मानांकनाच्या मालकाखेरीज प्रत्यक्ष कारागिरांनाही 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवता येते. ज्यांनी अशी नोंदणी केली आहे त्यांनाच मानांकनाचे नाव व्यापारात वापरण्याचा हक्क मिळतो.

या संरक्षणाची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. भौगोलिक निर्देशांक हा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. यंत्रावर छापलेले कापड 'वारली चित्र' म्हणून विकण्याला हरकत घेता येते. 'आदिवासी नक्षी' असे मोघम नाव देऊन तेच कापड विकले तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. प्रताधिकार कायदा विशिष्ट चित्रकाराच्या विशिष्ट चित्राला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण देतो. परंतु शेकडो वर्षांच्या सामूहिक आकृतिबंधाचा कुणी एक कर्ता नसल्याने तो या कायद्याच्या कक्षेत सहज बसत नाही. शिवाय वस्तूवर छापण्यासाठी केलेल्या नक्षीची आरेखन कायद्याखाली नोंदणी केली नसेल आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या पन्नासहून अधिक प्रती काढल्या गेल्या असतील, तर तिच्यावरील प्रताधिकार संपुष्टात येतो. पाड्यावरच्या चित्रकाराला ही तरतूद कोण सांगणार, हा प्रश्नच आहे.

हातमागाच्या कापडाची स्थिती याहून थोडी बरी आहे. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवलेले आहेत आणि २००६ पासून हातमाग चिन्हाची सोय झाली आहे. पैठणीसारख्या विणकामात कारागिरी कापडाच्या धाग्यातच असते, त्यामुळे पाठीमागची बाजू पाहून जाणकाराला फरक कळतो. वारली नक्षी कापडाच्या पृष्ठभागावर असते. म्हणूनच तिची नक्कल सर्वांत सोपी ठरते.

इतरत्र काय घडले?

हा प्रश्न केवळ आपला नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकारांची चित्रे परवानगीविना गालिचांवर उतरवून ते गालिचे व्हिएतनाममध्ये तयार करून आणले गेले होते. तेथील संघीय न्यायालयाने १९९४ मध्ये चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई ठरवताना आर्थिक नुकसानीबरोबरच पवित्र चित्र पायदळी तुडवले गेल्याने झालेली सांस्कृतिक हानीही न्यायालयाने विचारात घेतली.

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. तेथील किहनू बेटावरच्या स्त्रिया आजही हाताने विणलेले पट्टेदार लोकरी घागरे वापरतात. तारुण्यात त्यांत लाल रंगाचे प्राबल्य असते, तर दुखवट्याच्या काळात गडद रंगांचे. युनेस्कोने २००३ मध्ये या बेटाच्या संस्कृतीला जागतिक अमूर्त वारशाचा मान दिला. कापड पाहून नेसणारीच्या आयुष्यात काय चालले आहे, हे तेथे शेजारणीला कळते. ही भाषा जाणणारी माणसे आहेत, तोवर आधुनिक आरेखनकारांनी त्या पट्ट्यांपासून काहीही नवे घडवले तरी मूळ हरवण्याची भीती कमी राहते.

आपल्याकडचे ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेसारखी पादत्राणे जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापूरचा उल्लेख न करता सादर केली. महाराष्ट्रातून झालेल्या टीकेनंतर कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. मानांकनाने परदेशात तो वापर थेट रोखला नाही. पण आवाज उठवण्यासाठी आधार दिला आणि ग्राहक जागा असेल तर काय घडू शकते, हे दाखवून दिले.

खरेदी करताना

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील ग्राहकाला पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

- आकृत्या नीट पाहा. हाताने काढलेल्या दोन माणसांचे हात, पाय, झुकाव कधीच तंतोतंत सारखे नसतात. ठरावीक अंतराने तीच माणसे, त्याच चुकांसह पुन्हा दिसली तर ती छपाई समजावी.
- रंगाला बोट लावून पाहा. हाताने लावलेल्या पांढऱ्या रंगाचा किंचित उंचवटा जाणवतो. रेघ कोठे जाड, कोठे बारीक होते.
- चित्रकाराचे नाव, गाव आणि पाडा विचारा. विक्रेत्याला उत्तर देता येत असेल तर त्याचा कारागिराशी संबंध असण्याची शक्यता अधिक. बरेच चित्रकार कापडाच्या कोपऱ्यात सही करतात.
- छापील कापड घेण्यास हरकत नाही. मात्र ते छापील म्हणूनच, छापील कापडाच्या किमतीत घ्यावे.
- हाताने रंगवलेले कापड गार पाण्यात, सौम्य साबणाने, उलटे करून धुवावे. भिजत ठेवू नये, पिळू नये. इस्त्री उलट बाजूने करावी.
- लाकडाचे व मातीचे दागिने पाणी, घाम आणि अत्तरापासून जपावेत. अत्तर आधी लावावे, दागिना नंतर घालावा.
- शक्य असल्यास थेट पाड्यावरून खरेदी करावी. कल्याण-डोंबिवलीकरांना दिवा-वसई मार्गाने वसई रोड आणि तेथून डहाणू रोड गाठता येते. २०१३ पासून पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवाही डहाणू रोडपर्यंत जाते.

नाव सोबत यावे

वारली नक्षी शहरात आली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती भिंतीवरच राहिली असती तर कुडाच्या घरांबरोबर ओसरत गेली असती. विटा-सिमेंटची घरे पाड्यांवरही उभी राहत आहेत. कागद, कापड आणि दागिना यांनी तिला नवी भिंत दिली आणि भातशेतीवर न भागणाऱ्या अनेक घरांना हातभार लावला. परंतु नक्षी पुढे येते आणि माणूस मागे राहतो, तेव्हा वेठीची जुनी आठवण ताजी होते. काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याचा, हाच वेठीचा अर्थ होता.

कायदा येथे काही अंतरापर्यंतच पोहोचतो. उरलेले अंतर आरेखनकार, दुकानदार आणि ग्राहक यांनी कापायचे आहे. कापडाच्या चिठ्ठीवर धाग्याचा प्रकार आणि किंमत छापलेली असते. तेथेच चित्र काढणाऱ्याचे नाव आणि गाव छापायला फारसा खर्च येत नाही. येत्या पाडव्याला वारलीचा पदर खांद्यावर घेताना तो कुणी रंगवला, हे सांगता आले, तर त्या फेरातील माणसांना खऱ्या अर्थाने मान मिळाला असे म्हणता येईल.